देवाजीचा पाव आणि मनोहररावांचा जावई

माझ्या हातून चार लोकांचं भलं झालं ते आयुष्यात एकदाच, आणि त्या वेळी मी बाजेवर आडवा होतो. उभं राहून केलेल्या माझ्या बाकीच्या कामांबद्दल ऑफिसातले, घरातले आणि शेजारचे लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. म्हणून निदान हे एक काम नीट लिहून ठेवावं म्हणतो. त्यात माझं कर्तृत्व शोधायला जाऊ नका. गोष्ट देवाजीची आहे. मी त्यात फक्त कोसळलो.

देवाजी म्हणजे पिंपळडोहचा पाववाला, आणि पिंपळडोह म्हणजे माझी सासुरवाडी. नागपूरहून एसटीनं खाप्यापर्यंत जायचं आणि तिथून पुढे खाणीचा रिकामा ट्रक मिळाला तर ट्रकनं, नाही तर नशिबानं. मँगनीजच्या खाणीचं गाव. तिथली पांढरी मांजरंसुद्धा काळी असतात. इंग्रजांची कंपनी होती तेव्हा साहेबलोकांनी त्या माळावर छोटीशी विलायत उभी केली होती. क्लब, घोड्यांची पागा, एवढंसं चर्च आणि एक बेकरी. मग साहेब गेले आणि इमारती गावाच्या गळ्यात पडल्या. गावानं त्या, भाऊ वेगळे झाल्यावर भांडी वाटून घेतात तशा, वाटून घेतल्या. पागेत पोस्ट आलं. चर्चची घंटा शाळेनं नेली. क्लबात रेशनचं दुकान निघालं. तिथलं बिलियर्डचं टेबल काही केल्या दारातून निघेना, तेव्हा त्याच्यावर गव्हाची पोती रचली गेली, आणि उन्हाळ्यात पोती हलवून बायका त्यावर कुरडया वाळत घालू लागल्या. हिरव्या मखमलीचे धागे चिकटलेली कुरडई मी स्वतः खाल्ली आहे. तळल्यावर छान फुलते.

साऱ्या गावात एकच इमारत अशी होती की जी ज्या कामासाठी बांधली तेच काम करत होती. ती म्हणजे बेकरी. तिचं दुखणंही तेच होतं.

जाड विटांच्या खोलीत निम्मी जागा अडवून बसलेली घुमटासारखी भट्टी, वर धुरांडं आणि दारावर कंपनीचा दगडी सिंह. पावसानं धुऊन धुऊन त्या सिंहाचं तोंड आता दूध मागणाऱ्या मांजरासारखं झालं होतं. देवाजी मूळचा खाप्याचा, विणकरांच्या घरातला. मागावर बसून बसून कंटाळला आणि कंपनीच्या बेकरीत लागला. कामठीच्या छावणीतून आणलेले रहमतमियाँ तिथे मुख्य होते. त्यांनी देवाजीला पीठ मळायला शिकवलं, भट्टीचा ताव हाताच्या पाठीनं ओळखायला शिकवलं आणि वर उर्दूत शिव्या द्यायला शिकवलं. पुढे मियाँ गेले, साहेब गेले, आणि भट्टी देवाजीकडे राहिली. मी पाहिला तेव्हा देवाजी पन्नाशी ओलांडलेला होता. गोल, गुळगुळीत, स्वतःच नुकता भट्टीतून फुगून निघाल्यासारखा. अंगभर मैदा. त्या काळ्या गावात तो एकटा पांढरा माणूस, त्यामुळे लांबून भूत वाटायचा आणि जवळून लाडू.

आता त्या गावाची रीत सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं वेड्याचं वाटेल. पिंपळडोहात पाव खायचा तो फक्त आजारी माणसानं. धडधाकट माणूस भाकर खातो, पोळी खातो, सणाला पुरण खातो. पाव कंपाउंडर सांगतो. ताप उतरल्यावर दुधात बुडवून पाव, पोट बिघडलं की भाजलेला पाव, बाळंतिणीला नको, म्हाताऱ्याला चालेल. त्यामुळे बेकरीच्या पायरीवर कधी कोणी हसत आलं नाही. गिऱ्हाईक आलं की देवाजी 'किती देऊ?' असं विचारत नसे. तो विचारायचा, "कोन पडलं घरी?"

मग दुखण्याप्रमाणे पाव निवडायचा. तापाला मऊ, हगवणीला कडक. पाव देऊन झाल्यावर "उद्या बरं वाटंल" असंही सांगायचा, आणि उद्या बरं वाटलं की ते गिऱ्हाईक संपायचं. ज्याच्या मालाची शिफारस खरी ठरली की धंदा बुडतो, असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

त्यातून कोणी पाव घेऊन जाताना दिसलं की सगळ्या गावाला कळायचं की त्या घरात दुखणं आहे. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी असे ते लोक पाव दुधाच्या डब्यात लपवून न्यायचे. दवाखान्यातल्या खाटांवर आणि अशा लपवालपवीवर देवाजीचा संसार चालला होता. त्याची बायको भागीरथा म्हणायची, "याच्या दुकानात येते तो रडत येते. आन् बरा झाला का रस्त्यानं तोंड फिरवून जाते. असा धंदा यमाचा असते, नाही तं आमचा."

अशा गावात एकोणीसशे अडुसष्टच्या मे महिन्यात मी जावई म्हणून चार दिवस राहायला गेलो.

मी नागपूरच्या महाल भागातला, सीताबर्डीवर एका विमा कंपनीत कारकून. पण सासुरवाडीला निघालेला कारकून खाप्याच्या पुढे गेला की आपोआप ऑफिसर होतो. माझे सासरे मनोहरराव खाणीत हाजरीबाबू होते, मोजकं बोलणारे. सासूबाई सुभद्राबाई फार प्रेमळ. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "जवाईबापू, नाश्त्याले काय करू? पोहे करू का सांभारवडी?"

सांभारवडी! आत कोथिंबीर ठासून तळलेली. तोंडाला पाणी सुटलं होतं. पण समोर बायको उभी होती, दाराआड मेव्हणी होती, आणि माझ्या अंगात शहर संचारलं. मी म्हणालो, "त्रास घेऊ नका. सकाळी मला फक्त ब्रेड लागतो."

खरं सांगायचं तर आमच्या घरी सकाळी मला रात्रीची पोळी लागायची, आणि तीही भावाच्या आधी उठलो तर. ब्रेड मी आयुष्यात दोनदा खाल्ला होता, दोन्ही वेळा टायफॉइडनंतर.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मेव्हणीला बेकरीकडे पाठवलं. तासाभरात पहिली बाई आली. तिच्या पदरात चार संत्री होती. ती माझ्याकडे बघून सासूबाईंना हळूच म्हणाली, "कधीपासून हाय वं?"

दुसरी आली ती म्हणाली, "रंग पाहूनच मले लग्नातच शंका आली होती."

तिसरीनं तर प्रेमिलेला, म्हणजे माझ्या नव्या बायकोला, जवळ घेऊन डोळे पुसले. दुपारपर्यंत घरात इतकी संत्री जमली की मला ठेला लावता आला असता. संध्याकाळी कंपाउंडर कवडू स्वतःहून आला, माझी जीभ पाहिली, "नागपूरले दाखवलं असंलच" असं म्हणाला आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. प्रेमिला आत जाऊन हसून हसून पडली होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, त्यामुळे लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवाजी आला. हातात ताजा पाव होता. ओसरीवर टेकला आणि माझ्याकडे बराच वेळ निरखून बघत राहिला.

"जवाईबापू, खरं सांगा. काय होते तुमाले?"

"काही नाही हो. मी ठणठणीत आहे."

"मंग पाव काहून खाता?"

"आवडतो म्हणून."

देवाजीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. भट्टीचं तोंड उघडावं तसा त्याचा चेहरा उजळला. "आवडते?" तो म्हणाला. "साहेब लोक गेल्यापासून हे कोनाच्या तोंडून ऐकलं नाही. माह्या पावाकडे पाहून हासलेला मानूस मी पाहिला नाही गा... माफ करा, जवाईले गड्यासारखं 'गा' म्हनलं."

मग त्यानं आपलं दुःख सांगितलं. खाणीला नवे मॅनेजर आले होते, दक्षिणेकडचे, कडक. कामगारांच्या सायकली उन्हात उभ्या राहतात म्हणून त्यांना सायकलस्टँड हवा होता, आणि त्यांची नजर बेकरीवर पडली होती. जागा कागदोपत्री अजून खाणीचीच, देवाजी केवळ राखणदार. साहेब म्हणाले होते, या दुकानात मला कधी माणूस दिसत नाही. शनिवारच्या बाजारात मी येऊन पाहीन. गिऱ्हाईक दिसलं तर ठीक, नाही तर सोमवारी भट्टी पाडायला घ्या.

"लोकं चांगले हायेत," देवाजी म्हणाला. "माह्यासाठी जीव देतील. पन बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर, पाव घ्यायले कोन उभं राहील? पोरीच्या सोयरिकी मोडतील ना बापा!"

आता शहाणा माणूस असता तर दोन शब्द सहानुभूतीचे बोलून गप्प बसला असता. मी विमा कंपनीतला होतो. मी म्हणालो, "एवढंच ना? शनिवारी मी तुमच्या दुकानासमोर बसतो. सगळ्या बाजारादेखत पाव खातो, हसतो, चहा पितो. निरोगी माणूस पाव खाताना एकदा लोकांनी पाहिला की लाज मोडेल."

"पन तुमाले तं सारं गाव बिमार समजते."

"मग खाऊन झाल्यावर खनिजाचं टोपलं डोक्यावर उचलून दाखवतो!"

इतका वेळ पेपर वाचत बसलेले सासरे पहिल्यांदा बोलले. "जवाईबापू, ते टोपलं आमच्याकडे बाया उचलतात."

"मग तर सोपंच आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. त्या पेपरामागे काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, पण पेपर हलत होता.

शनिवार उजाडला. मे महिन्यातलं ऊन, खाणीचा काळा माळ, तव्यावर भाजी टाकावी तसा बाजार भरलेला. लोकांना मी नीट दिसावा म्हणून देवाजीनं बाक लिंबाच्या सावलीतून काढून भर उन्हात ठेवला. भागीरथाबाई म्हणाल्या, "सावलीत बसवा ना त्याईले, किती नाजूक जीव हाय." मला त्याचा राग आला आणि मी बाक आणखी पुढे ओढला.

देवाजीनं भट्टीतून काढलेला पाव माझ्या हातात दिला. मी तो मोडला. आता इथे एक गोष्ट खरीखुरी सांगतो. तोपर्यंत हे सगळं मी मिरवण्यासाठी करत होतो, पण तो घास तोंडात गेला आणि मी मिरवायचं विसरलो. वरचं कवच कुरकुरीत, आत वाफ, पिठाला किंचित आंबूस गोडी. मी तो पाव कोरडाच, चहासुद्धा न घेता, संपवला. मान वर केली तर देवाजी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होता.

"कसा हाय?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसता दुसऱ्या पावासाठी हात पुढे केला. देवाजी आत वळला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या गालावरच्या मैद्यात दोन रेघा उमटल्या होत्या.

पण बाजाराला माझा पाव दिसत होता, चव दिसत नव्हती. लोक कोंडाळं करून लांब उभे होते. ठरल्याप्रमाणे मी मोठ्यानं हसलो.

"पाहाय वं," एक बाई दुसरीला म्हणाली, "कसा हासून राहिला."

"ताप डोक्यात गेला असंल," दुसरी म्हणाली.

एकही गिऱ्हाईक पायरी चढेना, आणि लांबून जीपचा आवाज येऊ लागला. देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. तिसरा पाव माझ्या घशात होता. मी उठलो, बाजूला भरून ठेवलेल्या टोपल्याकडे गेलो आणि ते उचललं. म्हणजे एका बाजूनं उचललं. मँगनीज दिसतो दगडासारखा आणि लागतो लोखंडासारखा. टोपलं गुडघ्यापर्यंत आलं, तिथून पोटापर्यंत आलं, पोटात तीन पाव होते, त्यांनी त्याला पुढे जाऊ दिलं नाही. लिंबाचं झाड आधी हिरवं दिसलं, मग जांभळं, आणि मग मला काहीच दिसलं नाही.

शुद्ध लगेच आली. पण तेव्हा मी बाजेवर होतो, नाकाशी फोडलेला कांदा होता, आणि डोळे उघडावेत तर साऱ्या बाजाराला तोंड दाखवावं लागलं असतं. म्हणून मी ते मिटलेलेच ठेवले. माझ्या कानावर सगळं येत होतं.

"कोनाचा जवाई गा?"

"हाजरीबाबूचा."

"अरे बापा! मंग उभा काय राहिला, पाव घे ना!"

एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई, आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कोणी जात नाही. शिवाय हा आजार माझा होता, त्यांचा नव्हता. दुसऱ्याच्या आजारासाठी पाव घेतल्यानं कोणाच्या मुलीची सोयरीक मोडत नाही! बघता बघता बेकरीच्या पायरीवर झुंबड उडाली. "एक मऊ दे, देवाजी!" "मले दोन, आमच्या बुडीकडून बी एक!" "ओ, रांगेत या ना, जवाई काय तुमचा एकट्याचा हाय?" देवाजी सगळं टाकून माझ्याकडे धावला होता. भागीरथाबाई त्याच्यावर ओरडल्या, "तुम्ही पाव द्या! जवाईकडे आम्ही पाहू!"

आणि जीप येऊन थांबली.

मला वाटलं, आता उठावं आणि सगळ्यांना सांगावं की मी बरा आहे. पापणी हलली असावी, कारण कानाशी प्रेमिलेचा आवाज आला, अगदी हळू.

"डोळे उघडू नका. साहेब पाहून राहिले. तुम्ही उठले तं रांग मोडते."

लग्नाला तीन आठवडे झाले होते. तोपर्यंत आमच्यात 'जेवता का' आणि 'जेवलो' यापलीकडे बोलणं नव्हतं. त्या वाक्यानंतर मला कळलं की माझं लग्न चांगलं झालं आहे. मी पडून राहिलो. वर सूर्य, खाली सुंभाची बाज, नाकात कांदा आणि उशाशी सासूबाईंचं रडणं. तरी मी हललो नाही. माझ्या अंगच्या गुणांना साजेसं काम शेवटी मला मिळालं होतं.

"ये क्या है?" साहेबांचा आवाज आला. "इतना भीड़? रोज होता है?"

हो म्हण, मी मनात म्हणालो. देवाजी, एकदा हो म्हण.

देवाजी म्हणाला, "नहीं साब. आज एक दामाद गिर गया, इसलिये."

कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं असावं, कारण बूट जवळ आले, थोडे थांबले आणि परत गेले.

"और कल?"

"कल वो उठ जायेगा, साब. फिर कोई नहीं आयेगा. इधर पाव सिर्फ बीमार खाता."

साहेबांनी पायरीवर पाय ठेवला. मग म्हणाले, "लेकिन मैं तो रोज ब्रेड खाता. हमारा कुक बोलता, इधर मिलता नहीं. नागपूर से आता बस में. सूखा, एकदम लकड़ी."

"मिलता, साब," देवाजी म्हणाला. "पन तुमचा कुक इथलाच हाय. वो पाव लेने आया, तो गाँव बोलेगा साहब बीमार. उसको अच्छा नहीं लगता."

साहेब हसले की नाही ते मला दिसलं नाही. पण कवच मोडल्याचा तो आवाज मी ओळखला. थोड्या वेळापूर्वी तो माझ्याच हातात झाला होता. मी डावा डोळा किंचित किलकिला केला. साहेब बेकरीच्या पायरीवर उभे राहून, टोपी काखेत धरून, गरम पाव खात होते. मिशीला कण लागले होते. एक पाव संपला तसा त्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला. देवाजी त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सारा बाजारही बघत होता, पण तो श्वास रोखून.

"अरे," मागून कोणीतरी कुजबुजलं, "साहेब बी?"

कंपाउंडर कवडू थर्मामीटर आणायला दवाखान्याकडे पळाला.

भट्टी पडली नाही. सायकलस्टँड क्लबाच्या मागं झाला. मी त्या संध्याकाळी उठलो तेव्हा ओसरीवर पावांचा ढीग लागला होता, आणि परत जाईपर्यंत सासूबाईंनी मला दुसरं काही वाढलं नाही. सांभारवडी मला मिळाली ती पुढच्या वर्षी.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा कुक रोज सकाळी उघडपणे बेकरीवर येऊ लागला. गावातल्या धडधाकट माणसांनी मात्र पाव खायला तेव्हाही सुरुवात केली नाही, पुढंही केली नाही. पण कडक साहेबाविषयी गावाचं मत त्या दिवसापासून बदललं. तो शिफ्टमध्ये कोणावर ओरडला तरी लोक ऐकून घ्यायचे, आणि नवा कोणी कुरकुरला तर जुना त्याला समजवायचा, "बोलू दे गा त्याले. रोज पावावर हाय बिचारा, तरी ड्यूटी चुकवत नाही."